पाचू : हौस असावी, भीती नसावी

लग्नसराई आली की बारामती, इंदापूरच्या सराफ पेढ्यांवर आपल्या मायभगिनींची गर्दी होते. सोन्यात जडविलेला हिरवागार पाचू कुणालाही भुरळ घालील. त्यांनी हौस करू नये, असे आम्ही म्हणणार नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी महिलांना अस्पृश्यतेची खूण ठरलेले दागिने व पेहराव टाकून नीटनेटके राहण्यास सांगितले. अंगावर काय घालावे, हे तेव्हापासून आपणच ठरवितो.

पण ‘मुलाचा बुध बिघडलाय, पाचू घाला’ असे कुणी सांगितले तर सावध राहावे. पाचू हे बेरिल जातीचे खनिज. त्यातील क्रोमियम, व्हॅनेडियममुळे ते हिरवे दिसते. त्याने परीक्षेतले गुण वाढत नाहीत. त्या पैशांत मुलाची पुस्तके येतील.

हौसेने घेतलाच, तर तो जपावा. पाचू कठीण असतो, पण धक्क्याने तडकतो. त्यात निसर्गतःच बारीक भेगा असतात व त्या बहुधा तेलाने भरतात. म्हणून धुणीभांडी, शेतकाम करताना अंगठी काढून ठेवावी. गरम पाणी, सोडा टाळावा. कोमट पाण्यात भिजविलेल्या मऊ फडक्याने पुसावी व कापडी पिशवीत वेगळी ठेवावी. हिरवी काचही पाचू म्हणून खपते, तेव्हा पक्की पावती व प्रयोगशाळेचा दाखला मागावा.

आपली खरी रत्ने तीनच : बुद्ध, धम्म, संघ. ती पेढीवर मिळत नाहीत, आचरणाने मिळतात.