परिचालन प्रणाली-बदल

परिचालन प्रणाली-बदल : संगणकाची यंत्रसामग्री व इतर कार्यक्रम यांचे नियमन करणाऱ्या मूलभूत आज्ञावलीस परिचालन प्रणाली म्हणतात. मेजावरील संगणकांत विंडोज, मॅक व लिनक्स या प्रणाली प्रमुख होत. निर्मात्याचे साहाय्य संपल्यावर प्रणाली बदलावी लागते, उदा., विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले.

या बदलात प्रथम सवयी मोडतात. खिडकी बंद करण्याची खूण विंडोजमध्ये उजव्या, तर मॅकमध्ये डाव्या कोपऱ्यात असते. मजकुराची नक्कल करण्यास विंडोजमध्ये कंट्रोल, तर मॅकमध्ये कमांड कळ लागते.

मराठी मजकुराचा प्रश्न याहून बिकट आहे. अनेक जुन्या टंकांत देवनागरी आकारांना रोमन अक्षरांचे संकेतांक दिलेले असत. असा टंक नव्या प्रणालीत नसल्यास लेख निरर्थक चिन्हांचा दिसतो. म्हणून तो आधीच युनिकोडमध्ये रूपांतरित करणे श्रेयस्कर ठरते. १९९१ च्या भारतीय मानकातील इन्स्क्रिप्ट कळफलकात स्वर डाव्या व व्यंजने बहुतांशी उजव्या हाताकडे असतात. तिन्ही प्रणालींत तो उपलब्ध असल्याने टंकलेखनाचा सराव वाया जात नाही. विलेपार्ल्यालगतच्या जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने लिनक्सवर भारतीय भाषांसाठी ‘इंडिक्स’ विकसित केले. हे केंद्र पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाले. संकेतन व कळफलक प्रमाणित असल्यास प्रणाली बदलली, तरी भाषाव्यवहार अखंड राहतो.