बोटुकली घेताना आधी पाठ बघा!

परभणी, जिंतूर, पूर्णा भागात शेततळ्यात रोहू-कटला सोडणाऱ्या सगळ्या मित्रांसाठी ही पोस्ट.

बोटुकली पाण्यासकट पांढऱ्या टबात घ्या आणि वरून बघा. डोक्यापासून शेपटीपर्यंत कणा सरळ हवा. बाक, आखूड शेपूट किंवा कल्ल्याचं अपुरं झाकण दिसलं तर तो मासा घेऊ नका. वाकलेला कणा पुढे सरळ होत नाही.

कारणं बरीच: खाद्यात फॉस्फरस कमी, अंडी उबताना पाणी जास्त तापणं, जवळच्या नात्यातले जनक मासे. पण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं क जीवनसत्त्व. रोहू-कटल्यासारख्या माशांना ते शरीरात बनवता येत नाही आणि त्याशिवाय हाडाचा पाया असलेलं कोलॅजेन नीट तयार होत नाही. उष्णतेने ते नष्ट होतं, म्हणजे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या खाद्याच्या पोत्यात ते बरंच कमी होऊ शकतं.

परदेशात लेपासारखे चपटे मासे पाळतात. तिथेही कण्याचे दोष ही मोठी डोकेदुखी आहे.

म्हणून क जीवनसत्त्व टिकावं यासाठी खाद्य थोडं-थोडं आणा, सावलीत ठेवा, पोत्यावरची तारीख बघूनच पैसे द्या.