इस्लामपूर परिसरातील मेंढीपालन व गोपालन

इस्लामपूर परिसरातील मेंढीपालन व गोपालन हा महाराष्ट्राच्या सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर शहराभोवती चालणारा पशुपालनाचा व्यवसाय आहे. त्याची व्याप्ती वाळवा व शिराळा तालुक्यांपुरती मर्यादित नाही. हंगामी स्थलांतरामुळे सांगली जिल्ह्यातील आटपाडी, कवठे महांकाळ व जत आणि सातारा जिल्ह्यातील माण व खटाव हे पूर्वेकडील दुष्काळी तालुकेही त्याच्याशी जोडले गेले आहेत. मेंढपाळाचे उत्पन्न मुख्यतः मटणासाठी विकल्या जाणाऱ्या कोकरांवर, तर गोपालकाचे दुधावर अवलंबून आहे. राज्यात गोवंश हत्याबंदी असल्यामुळे गोमांसासाठी गुरे पाळण्याचा व्यवसाय येथे अस्तित्वात नाही. मटणाला मागणी असूनही मेंढपाळाचा चराईच्या जमिनीवर हक्क नाही, ही या व्यवसायाची मुख्य अडचण आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

सातारा व सांगली जिल्ह्यांत पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना पाऊस झपाट्याने कमी होतो. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वर येथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण, आटपाडी व जत या तालुक्यांत तो सुमारे पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. वाळवा तालुक्याचे मुख्यालय असलेले इस्लामपूर या दोन टोकांच्या मध्ये, कृष्णा व वारणा नद्यांच्या बागायती पट्ट्यात वसले आहे. ऊस हे येथील प्रमुख पीक आहे. इस्लामपूरजवळील साखराळे येथील राजारामबापू पाटील सहकारी साखर कारखान्यासह अनेक कारखाने या पट्ट्यात आहेत.

पूर्वेकडील माळरानावर पावसाळ्यात कुसळी, पवन्या यांसारखी गवते उगवतात. हिवाळा सरत जातो तसा हा चारा संपतो. याउलट नदीकाठच्या पट्ट्यात सुगीनंतर मोकळी झालेली राने, बांधावरील गवत आणि कालव्याकाठची हिरवळ उपलब्ध होते. पूर्वेकडे माणसे व मेंढ्या आणि पश्चिमेकडे पाणी व चारा, अशी ही विभागणी आहे. स्थलांतराची परंपरा तिच्यातूनच निर्माण झाली.

स्थलांतर व शेतात बकरी बसवणे

या भागात मेंढपाळी प्रामुख्याने धनगर समाजाकडे आहे. साधारणपणे दिवाळीच्या सुमारास मेंढपाळ कुटुंबे कळप घेऊन पश्चिमेकडे निघतात आणि मृगाच्या तोंडावर गावी परततात. पावसाळ्यात पश्चिमेकडे न थांबण्यामागे प्रकृतीचे कारण आहे. सततच्या ओलीमुळे मेंढ्यांचे खूर कुजतात, पाणथळ जागी चरल्याने यकृतात चपटे कृमी होतात आणि भिजलेल्या लोकरीमुळे मेंढ्या गारठतात. दख्खनी मेंढी कोरड्या हवेला सरावलेली आहे.

वाटचालीत अनेक कुटुंबे एकत्र राहतात. त्यांच्या तळाला वाडा म्हणतात. सामान वाहण्यासाठी घोडी आणि राखणीसाठी कुत्री असतात. अलीकडे काही वाडे सामानासाठी टेम्पोही वापरतात. तळ हलवणे, नवा तळ मांडणे, स्वयंपाक, पाणी आणि मागे राहिलेल्या कोकरांची व आजारी मेंढ्यांची देखभाल ही कामे मुख्यतः स्त्रिया करतात. पुरुष कळपाबरोबर चराईला जातात.

रात्री कळप शेतकऱ्याच्या रानात बसवला जातो. या भागात मेंढरांनाही बोलीत ‘बकरी’ म्हणतात, त्यामुळे या प्रथेला ‘बकरी बसवणे’ असे म्हटले जाते. मेंढ्यांच्या लेंड्या व मूत्र थेट जमिनीत पडत असल्याने खत गोळा करण्याचा व वाहून नेण्याचा खर्च वाचतो. या खताच्या बदल्यात शेतकरी मेंढपाळाला पूर्वी धान्य देत असे. आता मेंढ्यांच्या संख्येनुसार व रात्रींच्या हिशेबाने रोख रक्कम दिली जाते. हे खत म्हणजे दुसऱ्याच्या रानात शिरण्यासाठी मेंढपाळाने मोजलेली किंमतच होय. या व्यवहाराला कोणताही कायदेशीर आधार नाही. तो ओळख आणि शब्द यांवर चालतो.

मेंढ्यांच्या जाती

परिसरातील मुख्य जात दख्खनी आहे. काळसर, राठ लोकरीची ही मेंढी काटक असून रोज मैलोन्मैल चालू शकते. ती बहुधा एका वेळी एकच कोकरू देते. जत तालुक्यातील माडग्याळ गावाच्या नावाने ओळखली जाणारी माडग्याळ मेंढी उंच व लांबट बांध्याची असते. बाकदार नाक आणि पांढऱ्या अंगावरील तपकिरी ठिपके यांवरून ती ओळखू येते. तिच्या अंगावर लोकर कमी असते, मात्र कोकरांची वाढ जलद होते. जातिवंत माडग्याळ नरांना जत व आटपाडीच्या बाजारांत लाखो रुपयांची बोली लागल्याच्या बातम्या प्रसिद्ध होतात. असे भाव पैदाशीच्या मोजक्या नरांना मिळतात. सामान्य मेंढपाळाचे उत्पन्न खाटकाला विकलेल्या कोकरांवरच ठरते.

२०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे ७ कोटी ४२ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या होत्या. पहिल्या क्रमांकावरील तेलंगणात ही संख्या सुमारे १ कोटी ९१ लाख होती.

मेंढीपालनापुढील आव्हाने

चराईचा संकोच: ताकारी, म्हैसाळ व टेंभू या उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचे पाणी पूर्वेकडील तालुक्यांत पोहोचवले. दुष्काळी गावांसाठी हा मोठा दिलासा ठरला. त्याच पाण्यावर द्राक्ष, डाळिंब व ऊस वाढला आणि पूर्वी पडीक असलेली राने कुंपणाआड गेली. बागायती पट्ट्यात उसाचे रान बारमाही उभे असते. लागणीनंतर खोडवा राखला जात असल्याने बकरी बसवण्यासाठी रान फार थोडा काळ रिकामे मिळते. वनविभागाच्या लागवडीच्या क्षेत्रांत चराईला बंदी असते, तर गायराने अतिक्रमणांनी आक्रसली आहेत. ज्या पाण्याने मेंढपाळाच्या गावाचा दुष्काळ हलका केला, त्यानेच त्याच्या कळपाची जागाही घटवली.

रोगराई: आंत्रविषार, देवी, नीलजिव्हा, लाळ्या-खुरकूत आणि पीपीआर हे मेंढ्यांचे प्रमुख रोग आहेत. यांपैकी अनेकांवर लस उपलब्ध आहे. पुण्यातील औंध येथील पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्था राज्यासाठी लसी तयार करते. पशुवैद्यकीय दवाखाना गावाला बांधलेला असतो आणि कळप मात्र फिरता असतो. लसीकरणाच्या दिवशी कळप दुसऱ्या तालुक्यात असला, तर तो नोंदीतून व लसीकरणातूनही सुटतो.

वन्यप्राणी: माळरानावर लांडगा आणि वाळवा, शिराळा व कराड भागातील उसाच्या फडांत बिबट्या कळपावर हल्ले करतात. वनविभाग नुकसानभरपाई देतो, परंतु त्यासाठी पंचनामा आवश्यक असतो. रोज तळ हलवणाऱ्या कुटुंबाला त्यासाठी थांबणे परवडत नाही.

लोकरीचा घसरलेला भाव: दख्खनी मेंढीची लोकर राठ असल्याने ती घोंगडी व जाडेभरडे गालिचे यांनाच उपयोगी पडते. पूर्वी सणगर विणकर ती विकत घेत. गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटांमुळे घोंगडीची मागणी घटली. आता अनेकदा कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीहून अधिक होते. अशी स्थिती केवळ येथेच नाही. न्यूझीलंडमध्येही जाड लोकरीला कातरणीचा खर्च भागेल इतका भाव मिळत नसल्याची शेतकऱ्यांची तक्रार आहे. १९८२ मध्ये तेथे सुमारे ७ कोटी मेंढ्या होत्या, पुढे ही संख्या अडीच कोटींच्या आसपास उतरली. तेथील कुरणे दुग्धव्यवसाय व वनलागवडीकडे वळली, तर येथील राने उसाकडे. मात्र तेथील शेतकरी सहसा स्वतःच्या किंवा कराराने घेतलेल्या जमिनीवर मेंढ्या चारतो. येथील मेंढपाळाला चराईच्या जमिनीचा वापर बदलण्याच्या निर्णयात स्थान नसते.

अंदाजाने विक्री: लोणंद, आटपाडी, जत यांसारख्या बाजारांत जनावराची किंमत बहुतांशी वजनकाट्याऐवजी अंदाजाने ठरते. मटणाचे दुकान किलोवर चालते आणि कोकरू मात्र नगावर विकले जाते. वजनाचा अंदाज बांधण्यात व्यापारी निष्णात असतो. वाटेत पैशांची गरज पडलेला मेंढपाळ कोकरे पुरेशी वाढण्याआधीच विकतो. आषाढातील आखाड, गावजत्रा आणि बकरी ईद या काळात मागणी वाढते, पण कळप त्या वेळी मोठ्या बाजाराजवळ असेलच असे नाही.

नव्या पिढीचा कल: सतत फिरतीवर असलेल्या मुलांचे शिक्षण खंडित होते. त्यामुळे अनेक कुटुंबे मुलांना गावी नातेवाइकांकडे ठेवतात. शिकलेली मुले सहसा कळपाकडे परतत नाहीत आणि पगारी राखणदार मिळणे अवघड होत जाते.

गोपालन व गोवंश हत्याबंदी

माण, आटपाडी व जत हा भाग खिलार या देशी जातीचे माहेरघर मानला जातो. खिलार बैल चपळ व काटक असून शेतकाम, ओढकाम व शर्यतींसाठी प्रसिद्ध आहेत. आटपाडी तालुक्यातील खरसुंडी आणि खटाव तालुक्यातील पुसेगाव येथील यात्रांत जनावरांचे मोठे बाजार भरतात. ट्रॅक्टरच्या प्रसारामुळे बैलांची गरज कमी झाली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाडा शर्यतींवर बंदी आली. न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रातील शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. त्यानंतर खिलार खोंडांची मागणी पुन्हा वाढली.

महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम, १९७६ नुसार गाईंच्या कत्तलीला बंदी होती, तर निकामी ठरलेल्या बैलांची कत्तल प्रमाणपत्र घेऊन करता येत असे. १९९५ मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या सुधारणेला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि वळू व बैल यांचाही बंदीत समावेश झाला. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी ही बंदी वैध ठरवली. मात्र राज्याबाहेर कत्तल केलेल्या जनावराचे मांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारी तरतूद न्यायालयाने रद्द केली. म्हैसवर्गीय जनावरांना ही बंदी लागू नाही. भारतातून निर्यात होणारे ‘बीफ’ हे प्रत्यक्षात म्हशीचे मांस असते.

या कायद्याचा परिणाम शेतकऱ्याच्या हिशेबावर होतो. पूर्वी म्हातारा बैल विकून आलेल्या पैशांत भर घालून नवा घेता येत असे. आता निकामी जनावराला खरेदीदार मिळत नाही आणि त्याच्या चाऱ्यापाण्याचा खर्च मालकावर राहतो. होल्स्टीन व जर्सी संकरित गाईंची नर वासरे ओढकामाला फारशी उपयोगी नसल्याने हा प्रश्न दुग्धव्यवसायातही तीव्र आहे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य शासनाने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रतिदिन ५० रुपये अनुदानाचा निर्णय घेतला. हे अनुदान गोशाळांसाठी आहे. घरी भाकड गाय सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला ते मिळत नाही.

शासकीय योजना व संशोधन

पुणे येथे मुख्यालय असलेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची स्थापना १९७८ मध्ये झाली. सांगली जिल्ह्यातील रांजणी आणि सातारा जिल्ह्यातील दहिवडी येथे महामंडळाची प्रक्षेत्रे आहेत. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत भटक्या जमाती (क) प्रवर्गातील लाभार्थ्याला २० मेंढ्या व १ नर ७५ टक्के अनुदानावर दिले जातात. पावसाळ्यातील चार महिन्यांसाठी दरमहा ६,००० रुपये चराई अनुदानाचीही तरतूद करण्यात आली आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात मोठ्या पैदास केंद्रांसाठी ५० टक्के अनुदान आहे. परंतु त्यासाठी जागा व बँकेचे कर्ज लागत असल्याने फिरत्या मेंढपाळाला त्याचा लाभ घेणे कठीण जाते.

फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने ‘नारी सुवर्णा’ ही जुळी कोकरे देण्याची क्षमता असलेली मेंढी विकसित केली. त्यासाठी पश्चिम बंगालच्या सुंदरबनातील लहानखुऱ्या गारोळ मेंढीतील ‘फेक-बी’ हे जनुक दख्खनी मेंढीत आणण्यात आले. ऑस्ट्रेलियातील बुरूला मेरिनो मेंढीतही हेच जनुक आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून नेलेल्या मेंढ्यांद्वारे ते तेथे पोहोचल्याचे मानले जाते. या जनुकाची एक प्रत असलेली मेंढी एका वेताला सरासरी सुमारे दीड कोकरे देते. जुळ्यांना पुरेसे दूध मिळण्यासाठी गाभण मेंढीला जादा खुराक द्यावा लागतो. त्यामुळे केवळ चराईवर अवलंबून असलेल्या कळपात हा लाभ आपोआप मिळत नाही.

भविष्यातील संधी

मेंढ्यांची संख्या वाढवण्याला जमिनीची मर्यादा आहे. म्हणून आहे त्या कळपातून अधिक उत्पन्न मिळवण्याकडे कल दिसतो. त्यात पुढील बाबी महत्त्वाच्या ठरतात.

वजनावर विक्री: बाजार समित्यांच्या आवारात जिवंत वजनाचे काटे व दरफलक असल्यास कोकरू वाढवून विकण्याचा मोबदला मेंढपाळाला मिळू शकतो.

अर्धबंदिस्त पालन: लहान कळपांसाठी दिवसा चराई व संध्याकाळी खुराक ही पद्धत उपयुक्त ठरते. उसाचे वाढे, मका व सोयाबीनचे भुसकट हा चारा इस्लामपूर परिसरात उपलब्ध असतो.

सेंद्रिय खत: सततच्या ऊसपिकामुळे व अतिपाण्यामुळे कृष्णाकाठच्या काही जमिनी क्षारपड झाल्या असून सेंद्रिय कर्ब हा शेतकऱ्यांच्या चिंतेचा विषय आहे. त्यामुळे लेंडीखताचे मोल पुन्हा वाढत आहे. बकरी बसवण्याचे लेखी करार झाल्यास मेंढपाळाला हंगामाची शाश्वती मिळू शकते.

चराईचे हक्क: वन हक्क अधिनियम, २००६ मध्ये भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईच्या हक्कांना मान्यता देण्याची तरतूद आहे. मात्र हे हक्क ग्रामसभेच्या प्रक्रियेतून सिद्ध करावे लागतात. वर्षातील अनेक महिने गावाबाहेर असणाऱ्या समूहासाठी ही प्रक्रिया अवघड ठरते.

दुग्धव्यवसाय: इस्लामपूर येथील राजारामबापू पाटील सहकारी दूध संघासारख्या संस्थांमुळे दूधसंकलनाची व्यवस्था भक्कम आहे. लिंगनिश्चित वीर्यमात्रांमुळे प्रामुख्याने कालवडी जन्मतात आणि नको असलेल्या नर वासरांचा प्रश्न काही प्रमाणात सौम्य होतो.

या उपायांपैकी खुराक, लस व सुधारित जात यांसाठी पैसा व सेवा पुरवता येतात. चराईचा प्रश्न मात्र जमिनीच्या वापराशी निगडित आहे. कळपाच्या वाटा, तळाच्या जागा व गायराने यांची गावपातळीवर नोंद झाल्याशिवाय अन्य योजनांचा लाभ मुख्यतः स्थिर व जमीनधारक पशुपालकांनाच मिळत राहण्याची शक्यता आहे.