ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने एलईडी मॅट्रिक्सचे मल्टिप्लेक्सिंग : प्रवाहाचे गणित व सुरक्षितता

प्रस्तावना :
रेल्वेस्थानकांवरील सूचनाफलक, बसवरील मार्गदर्शक पाट्या आणि दुकानांवरील सरकती अक्षरे यांत एलईडी मॅट्रिक्सचा वापर केला जातो. ८ × ८ मॅट्रिक्समध्ये ६४ एलईडी असतात. प्रत्येकास स्वतंत्र जोडणी दिल्यास ६४ नियंत्रण-तारा लागतात. रांगा व स्तंभ अशी जाळीदार रचना केल्यास १६ तारा पुरतात. तारांच्या या बचतीचा भार मात्र विद्युतप्रवाहावर पडतो. हा भार ट्रान्झिस्टरद्वारे कसा पेलावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मल्टिप्लेक्सिंगचे तत्त्व :
या पद्धतीत एका वेळी एकच रांग प्रकाशित केली जाते. दृष्टिसातत्यामुळे डोळ्यास संपूर्ण चित्र सलग भासते. सेकंदास १०० वेळा चित्र उमटवावयाचे असल्यास एका फेरीत प्रत्येक रांगेच्या वाट्यास १.२५ मिलिसेकंद येतात. म्हणजेच प्रत्येक एलईडी एकूण वेळेच्या एक-अष्टमांश काळच प्रकाशतो. सरासरी ५ मिलिअँपिअर प्रवाहाइतकी दीप्ती मिळविण्यासाठी त्या अल्पकाळात ४० मिलिअँपिअर प्रवाह द्यावा लागतो. रांगेतील आठही एलईडी प्रकाशित असल्यास रांगेतून ३२० मिलिअँपिअर वाहतात. एटीमेगा ३२८पी या मायक्रोकंट्रोलरच्या एका पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे. त्यामुळे ट्रान्झिस्टर अपरिहार्य ठरतो.

ट्रान्झिस्टरची निवड :
रांगा धनाग्राकडे व स्तंभ ऋणाग्राकडे आहेत, असे मानू. स्तंभासाठी १०० मिलिअँपिअर क्षमतेचा बीसी ५४७ हा एनपीएन ट्रान्झिस्टर पुरेसा आहे. रांगेसाठी ६०० मिलिअँपिअर क्षमतेचा २एन २९०७ हा पीएनपी ट्रान्झिस्टर योग्य होय. तेथे एनपीएन वापरल्यास एमिटरचा दाब बेसपेक्षा सुमारे ०.७ व्होल्ट कमी राहतो व ५ व्होल्टच्या पुरवठ्यात हा ऱ्हास परवडत नाही.

ट्रान्झिस्टर पूर्णतः संपृक्त राहावा म्हणून बेसचा प्रवाह कलेक्टर-प्रवाहाच्या एक-दशांश धरतात. रांगेसाठी तो ३२ मिलिअँपिअर येतो. हा प्रवाह थेट पिनमधून घेणे म्हणजे मर्यादेच्या काठावर काम करणे होय. म्हणून मध्ये आणखी एक बीसी ५४७ योजावा. त्याच्या कलेक्टरमधील रोध (५ − ०.८ − ०.२) ÷ ०.०३२ = १२५, म्हणजे प्रमाणित १२० ओहम. लाल एलईडीचा दाब २ व्होल्ट धरल्यास स्तंभातील रोध (५ − ०.३ − २ − ०.२) ÷ ०.०४ = ६२.५ ओहम येतो. ६८ ओहमचा रोधक घेतल्यास प्रवाह सुमारे ३७ मिलिअँपिअर राहतो.

संभाव्य दोष व उपाय :
संपृक्त ट्रान्झिस्टर तत्काळ बंद होत नाही. त्यामुळे आधीच्या रांगेत पुढील रांगेची अक्षरे अंधुक दिसतात. रांग बदलताना सर्व स्तंभ काही मायक्रोसेकंद बंद ठेवल्यास हा दोष दूर होतो. पीएनपीच्या बेस व एमिटरमध्ये १ किलोओहमचा रोधक जोडल्यास तो अधिक वेगाने बंद होतो.

याहून गंभीर धोका म्हणजे आज्ञावली मध्येच अडकणे. तेव्हा एकच रांग सतत प्रकाशित राहते. सामान्य एलईडीची सतत प्रवाहाची मर्यादा सुमारे २० मिलिअँपिअर असल्याने जवळजवळ दुप्पट प्रवाहाने तो निकामी होऊ शकतो. यासाठी वॉचडॉग टायमर कार्यान्वित करावा आणि एनपीएनच्या बेसपासून भूमीपर्यंत १० किलोओहमचे रोधक जोडावेत, जेणेकरून मायक्रोकंट्रोलर पुन्हा सुरू होताना सर्व ट्रान्झिस्टर बंद राहतील.

निष्कर्ष :
मॅट्रिक्स फलकाची दीप्ती व आयुष्य ही दोन्ही रांगेतील एकत्रित प्रवाहाच्या अचूक गणितावर अवलंबून असतात. केवळ एका एलईडीचा प्रवाह विचारात घेऊन केलेली रचना अपुरी ठरते. तसेच फेरी थांबल्यास काय घडेल, याचा विचार मंडलाच्या आराखड्यातच होणे आवश्यक आहे.