शैलीविज्ञान आणि इंग्रजीचे भाषाभेद : भारतीय इंग्रजी कवितेच्या संदर्भात

प्रास्ताविक :
इंग्रजी विषयाच्या अभ्यासक्रमात शैलीविज्ञान आणि इंग्रजीचे भाषाभेद हे दोन घटक बहुधा स्वतंत्रपणे शिकविले जातात. पहिल्यात साहित्यकृतीच्या भाषेचे विश्लेषण असते, तर दुसऱ्यात ब्रिटिश, अमेरिकन, भारतीय अशा इंग्रजीच्या रूपांचा परिचय असतो. परंतु भारतीय इंग्रजी कविता वाचताना यांपैकी एकाच घटकाचा आधार घेतल्यास अर्थनिर्णय चुकण्याचा संभव असतो. हा संबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नियमोल्लंघन आणि प्रमाण :
शैलीविज्ञानातील एक मूलभूत संकल्पना म्हणजे नियमोल्लंघन होय. जेफ्री लीच यांनी १९६९ मधील आपल्या काव्यभाषाविषयक ग्रंथात तिची पद्धतशीर मांडणी केली. कवी भाषेचा रूढ नियम मोडतो आणि त्यामुळे वाचकाचे लक्ष त्या स्थळी वेधले जाते. मात्र नियम मोडला असे म्हणण्यापूर्वी नियम कोणता, हे ठरवावे लागते. लंडनचे इंग्रजी प्रमाण मानले तर मुंबईच्या इंग्रजीतील अनेक साध्या वाक्यरचना नियमोल्लंघन ठरतील. वस्तुतः तेथील भाषकांच्या दृष्टीने त्यांत लक्षवेधी असे काहीच नसते.

येथे भाषाभेदांचा अभ्यास उपयोगी पडतो. ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळे कल्पिली. आतल्या वर्तुळात ब्रिटन, अमेरिका इत्यादी देश येतात, बाहेरच्या वर्तुळात भारत, नायजेरिया, सिंगापूर यांसारखे देश येतात, तर विस्तारत्या वर्तुळात चीन, जपान इत्यादींचा समावेश होतो. बाहेरच्या वर्तुळातील इंग्रजीला स्वतःचे नियम असतात, ही भूमिका त्यांनी आग्रहाने मांडली.

भारतीय इंग्रजीची घडण :
हे नियम कोठून येतात, ते मराठीच्या आधारे सहज समजते. ‘मला समजतंय’, ‘मला वाटतंय’ अशी चालू काळाची रूपे मराठीत सर्रास वापरली जातात. प्रमाण इंग्रजीत मात्र अशी क्रियापदे सहसा चालू काळात येत नाहीत. म्हणून मराठी भाषक ‘आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग’ असे म्हणतो. ‘गरम गरम चहा’ वरून ‘हॉट हॉट टी’ येतो. ‘च’ या अव्ययाचे काम ‘ओन्ली’ करू लागतो. ‘नाही का?’ हे एकच रूप सर्व वाक्यांना चालते, त्यामुळे ‘इजंट इट?’ हेही सर्वत्र चालविले जाते.

गडहिंग्लज हा कर्नाटक सीमेलगतचा तालुका असून येथे मराठीबरोबर कन्नडही बोलली जाते. येथील विद्यार्थी ‘काय करालायस?’ असे विचारतो, तेव्हा त्याची मराठी चुकलेली नसते. ती कोल्हापुरी असते. शंकर पाटील यांच्या कथांतील संवाद वाचताना कोणी व्याकरणाच्या चुका मोजीत नाही. हाच न्याय इंग्रजीच्या भेदांनाही लावावयास हवा.

दोन कवी, दोन मार्ग :
निस्सिम इझिकेल (१९२४–२००४) हे मुंबईच्या बेने इस्रायली समाजातील कवी. मिस पुष्पा यांच्या निरोप समारंभावरील त्यांच्या कवितेत चालू वर्तमानकाळाची रूपे दाटीने येतात. रूप भारतीय इंग्रजीतील आहे; दाटी मात्र कवीची आहे. शिवाय येथे प्रयुक्तीचाही विचार करावा लागतो. निरोपाच्या भाषणातील ठरावीक स्तुती, वक्त्याचे स्वतःविषयीच बोलत राहणे आणि शेवटी इतरांना बोलण्याची विनंती हे सर्व आपल्या परिचयाचे आहे. विनोद त्यातून निर्माण होतो, केवळ व्याकरणातून नव्हे. या कवितेने सामान्य भारतीय भाषकाची टिंगल केली, अशी टीका झालेली आहे. तिचा निर्णय करतानाही हा फरक ध्यानात घ्यावा लागतो.

कोल्हापूर येथे जन्मलेले अरुण कोलटकर यांचा मार्ग वेगळा आहे. १९७६ मध्ये प्रकाशित झालेल्या आणि १९७७ चे राष्ट्रकुल काव्य पारितोषिक मिळविणाऱ्या ‘जेजुरी’ या त्यांच्या संग्रहात खंडोबाचे क्षेत्र, एस. टी. बस, पुजारी असे सारे विश्व मराठी आहे. परंतु वाक्यरचना बहुतांशी प्रमाण इंग्रजीची आहे. पन्नास पैसे मागणाऱ्या म्हातारीवरील कवितेत लहान वाक्ये, तीन ओळींची कडवी आणि द्वितीय पुरुषी संबोधन आढळते. ‘यू’ मुळे वाचकच त्या यात्रेकरूच्या जागी उभा राहतो. मराठीत येथे ‘तू’ की ‘तुम्ही’ हे ठरवावे लागले असते. इंग्रजीने ती निवड टाळली आहे. येथे शैलीचा परिणाम नियम मोडून नव्हे, तर निवडीतून साधलेला आहे.

समारोप :
सारांश, भारतीय इंग्रजी संहितेतील वेगळे वाटणारे रूप तीन प्रकारचे असू शकते : शिकाऊ भाषकाची चूक, भाषाभेदाचे वैशिष्ट्य किंवा लेखकाची शैलीगत निवड. ते रूप त्या भाषकसमूहात रूढ आहे काय, प्रसंगाला ते अनुरूप आहे काय, आणि संहितेत त्याची वारंवारता अर्थपूर्ण आहे काय, हे तीन प्रश्न क्रमाने विचारल्यास निर्णय सुकर होतो. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यासाठी याचे महत्त्व विशेष आहे. परीक्षेसाठी प्रमाण इंग्रजी त्याने अवश्य आत्मसात करावे. परंतु इझिकेल यांची कविता वर्गात वाचली जाते तेव्हा आपल्याच बोलण्याला हसले जात आहे, या भावनेने त्याने मान खाली घालू नये. ती रूपे कोठून आली, हे त्याला आपल्या मातृभाषेच्या आधारे सांगता येते. विश्लेषणाचा प्रारंभ तेथूनच व्हावा.