संवादाची फिर्याद : ल्यूशियनचा उपहास आणि त्याची भाषा

प्राचीन ग्रीक विनोदाचा विचार सामान्यतः ॲरिस्टोफेनिसपासून सुरू होतो आणि मिनँडरपाशी थांबतो. हे दोघेही अथेन्सचे नाटककार. त्यांचे हास्य रंगभूमीवर, पद्यात आणि आपल्याच भाषकांसमोर उमटले. गद्यातील विनोदी संवादाला मात्र परिणत रूप दिले ते ज्याची मातृभाषा बहुधा ग्रीक नव्हती अशा एका लेखकाने. इ. स. १२०च्या सुमारास युफ्रेटिसकाठच्या समोसाटा नगरात जन्मलेला ल्यूशियन हा तो लेखक होय. त्याची घरची बोली अरामाईक कुळातील असावी, असे मानले जाते. ज्या ॲटिक बोलीत त्याने लिहिले, ती त्याच्यापूर्वी सुमारे पाचशे वर्षांच्या अथेन्समधील. त्याच्या काळी ती ग्रंथांतून शिकावी लागे. त्याच्या उपहासाचे मर्म या शिकलेल्या भाषेत आहे, असे प्रस्तुत टिपणात प्रतिपादावयाचे आहे.

‘दोनदा आरोपी’ या संवादात ल्यूशियनने स्वतःलाच न्यायासनासमोर उभे केले आहे. स्थळ ॲरिओपॅगस, आरोपीचे नाव नाही, तो केवळ ‘सीरियन’. पहिली वादी वक्तृत्वकला. हा तरुण परदेशी पेहरावात, अशुद्ध बोलत आयोनियात भटकत होता. आपण त्याला शिकवले, त्याच्याशी विवाह केला आणि त्याने आपल्याला टाकले, असे ती म्हणते. दुसरा वादी साक्षात संवाद. आपण देव, निसर्ग आणि विश्व यांचे चिंतन करीत मेघांपलीकडे विहरत होतो. या मनुष्याने आपले पंख मोडून आपल्याला खाली खेचले, गंभीर मुखवटा काढून विनोदी मुखवटा चढवला आणि ॲरिस्टोफेनिस व मेनिपस यांच्या संगतीत कोंडले, ही त्याची तक्रार. आपण आता ना धड गद्य ना धड पद्य, नराश्वासारखा एक विचित्र संकर झालो आहोत, असे तो म्हणतो.

ही तक्रार म्हणजे या वाङ्मयप्रकाराची नेमकी व्याख्याच होय. प्लेटोच्या संवादात प्रश्नोत्तरांची साखळी सत्याच्या शोधार्थ असते. ल्यूशियन साखळी तीच ठेवतो. तिचा रोख तेवढा बदलतो. ‘निरुत्तर झ्यूस’ या संवादात सिनिस्कस झ्यूसला विचारतो : सर्व काही दैवाधीन ना? देवही? मग मानवाने यज्ञ कशासाठी करावेत? प्रत्येक पायरी सॉक्रेटिसच्या पद्धतीची आहे. परंतु येथे पेचात सापडतो तो देवाधिदेव. तो वज्राची धमकी देतो, तेव्हा सिनिस्कस म्हणतो की, तसे विधिलिखित असेल तर खुशाल मारावे, दोष झ्यूसचा नव्हे! हास्य निर्माण होते ते शब्दश्लेषातून नव्हे, तर्काच्या काटेकोरपणातून.

भाषा हाच ल्यूशियनच्या कित्येक रचनांचा विषय आहे. त्या काळी सुशिक्षितांत जुन्या ॲटिकचे अनुकरण प्रतिष्ठेचे मानले जाई. ‘लेक्सिफॅनिस’मध्ये याच नावाचा लेखक दुर्मिळ, मृत शब्दांनी फुगलेली आपली रचना वाचून दाखवतो, अखेर वैद्य त्याला वांतीचे औषध देतो आणि गिळलेले शब्द बाहेर पडू लागतात. ‘स्वरांचा न्यायनिवाडा’ या रचनेत सात स्वरांच्या न्यायसभेपुढे सिग्मा हा वर्ण टाऊविरुद्ध फिर्याद करतो. इतर बोलींत ‘थालास्सा’ (समुद्र) असे रूप असता ॲटिकमध्ये ते ‘थालाट्टा’ होते. हा ध्वनिभेद येथे चोरीचा गुन्हा ठरतो. या रचनेच्या कर्तृत्वाविषयी मतभेद आहेत. परंतु बोलींतील भेदाचे भान आणि शुद्धतेच्या अट्टाहासाची थट्टा तीत एकत्र नांदतात.

मग ल्यूशियन या अट्टाहासातून स्वतः मुक्त होता काय? तसे म्हणता येत नाही. एका सकाळी आपल्या आश्रयदात्याला अभिवादन करताना त्याने ‘खाइरे’ या रूढ प्रभातवचनाऐवजी निरोपाच्या वेळी शोभणारे ‘हुगियाइने’ हे पद उच्चारले. या एका पदासाठी त्याने जुन्या ग्रंथकारांचे दाखले देणारे स्वतंत्र समर्थन लिहिले. विषय हलका, सूर खेळकर. परंतु जन्मजात भाषकाच्या जिभेचे घसरणे सहज विसरले जाते, परभाषकाचे तसे नाही.

म्हणूनच ‘दोनदा आरोपी’तील समर्थनाचा शेवट अर्थपूर्ण वाटतो. आपण या रुक्ष संवादाला जमिनीवर चालावयास शिकवले, हसवले, असे सीरियन सांगतो; आणि आपण स्वतः परका दिसत असलो, तरी त्याचे ग्रीक वस्त्र उतरवून त्याला परकीय वस्त्र नेसवलेले नाही, असे शेवटी बजावतो. न्यायसभा त्याला दोन्ही आरोपांतून मुक्त करते. तथापि न्यायसभेचा निकाल लिहिणाराही तोच होता, हे वाचकाने विसरू नये. उपहासकाराला स्वतःची निर्दोष सुटका स्वतःच लिहावी लागली, यातच त्याच्या हास्यामागील अस्वस्थता दिसून येते.