नाताळ एका दिवसाचा की बारा दिवसांचा?

अमरावती-अकोल्यात २६ डिसेंबर उजाडला की अनेकांना नाताळ संपल्यासारखा वाटतो. चर्चच्या परंपरेत मात्र तो तेव्हा नुकताच सुरू झालेला असतो.

तयारीचा 'आगमनकाळ' नाताळाआधीच्या चौथ्या रविवारपासून असतो. २५ डिसेंबरची सर्वांत जुनी नोंद रोममधली, इ.स. ३३६ची. पुढे ५६७मध्ये फ्रान्समधील तूर येथील धर्मसभेने नाताळ ते ६ जानेवारी हा सलग सणाचा काळ मानला. ६ जानेवारीला ज्ञानी पुरुषांनी बाळ येशूचे दर्शन घेतल्याची आठवण केली जाते.

अमरावतीत १९५५पासून कॅथलिक धर्मप्रांत आहे. वऱ्हाडात प्रोटेस्टंट चर्चही आहेत. सगळे हा काळ सारखाच पाळत नाहीत.

शेजाऱ्यांना शुभेच्छा द्यायच्या राहिल्यात? ६ जानेवारीपर्यंत खुशाल द्या.